रॅपमधली गोष्ट कागदावर उतरवली की निम्मी का होते?

निशाचर:
मी रात्रपाळी करतो. पहाटे तीन ते पाच ही वेळ सर्वात वाईट. डोळे मिटू नयेत म्हणून गेली सहा-सात वर्षं त्या वेळात जुनं हिप-हॉप, म्हणजे रॅप, ऐकतो, साधारण १९८२ ते २००१ या काळातलं. सुरुवातीला नुसता ठेका आवडायचा, बोल निम्मेही कळत नव्हते. मग एका रात्री बोल समोर ठेवून स्लिक रिक या रॅपरचं 'चिल्ड्रन्स स्टोरी' ऐकलं आणि पुढचा तासभर तेच ऐकत बसलो.

१९८८च्या अल्बममधलं गाणं आहे. पोरं अंथरुणात शिरलीत, काकाला म्हणतात गोष्ट सांग. काका सुरू करतो, अगदी आटपाट नगराच्या सुरात. एक मुलगा असतो, दुसरा त्याला फूस लावतो, दोघं मिळून लुटालूट करायला लागतात. एकदा चुकून साध्या वेशातल्या पोलिसावरच हात टाकतो. पुढे पळापळ, बंदूक, चोरलेली गाडी, झाडावर आदळणं, गरोदर बाईला ओलीस धरणं आणि शेवटी पोलिसांच्या गोळ्या. वय सतरा. हे सगळं काका ज्या आवाजात सांगतो तो आवाज शेवटपर्यंत झोपवणाराच राहतो. गोष्ट संपते आणि तो पोरांना शुभरात्री म्हणतो.

दुसऱ्या दिवशी बायकोला हीच गोष्ट मराठीत नीट सांगितली. ती म्हणाली, "बरं. चोर-पोलीस आहे." मग गाणं लावलं, मध्येमध्ये थांबवून अर्थ सांगत गेलो. झाड येईपर्यंत ती हातातली भाजी बाजूला ठेवून बसली होती.

माझा प्रश्न एवढाच: गोष्ट तीच, मग कागदावर ती निम्मी का होते? उरलेली निम्मी नेमकी कुठे असते? तुम्हाला धरून ठेवणारं एखादं गाणं असेल तर तेही सांगा, पण त्यातलं कसब कुठे आहे ते बोट ठेवून सांगा.

चकोली:
रुमाल टाकून ठेवते. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

अनुस्वार:
विषय चांगला आहे, पण मी विरोधी बाजूने लिहिणार. तीस वर्षं कविता शिकवली. कविता कागदावर टिकली पाहिजे. कागदावर निम्मी होत असेल तर ती मुळात निम्मीच होती, उरलेलं काम ढोलकीने केलं. यमकाला यमक जुळवणं म्हणजे काव्य नव्हे, हे आपण आठवीतल्या मुलांनाही सांगतो. मला हे संगीत ठेक्यावरचं वेगवान बोलणं वाटतं. चुकत असेन तर दाखवून द्या, मी खरंच ऐकायला तयार आहे.

डफवाला:
अनुस्वार सर, नमस्कार. तुमच्या निकषावर आमचं घराणंच बाद होईल. :)

आमच्याकडे तीन पिढ्या शाहिरी आहे. पोवाडा छापील पुस्तकात वाचा, कित्येक ओळी ओबडधोबड वाटतील. मात्रा कमी, शब्द ओढलेले, भरीचे. तेच डफ, तुणतुणं आणि मागे झीलकरी घेऊन ऐका. जी ओळ कागदावर तोकडी दिसते तिथे शाहिराने मुद्दाम जागा सोडलेली असते, कारण तिथे डफावर थाप पडणार आहे. ओळ आणि थाप मिळून एक वाक्य होतं. छापताना थाप छापता येत नाही, म्हणून पोवाडा तोकडा म्हणायचा का?

मला इंग्रजी जेमतेम कळतं. पण मुलाने ऐकवलेल्या गाण्यांत ही सोडलेली जागा मला पहिल्या ऐकण्यात कळली.

टेपरेकॉर्डर:
डफवाला +१. त्या जागेचा हिशेब मांडतो, म्हणजे पुढच्या चर्चेला सोपं जाईल.

एक बार म्हणजे चार मात्रा. ढोबळमानाने बेस ड्रम पहिलीवर, स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) दुसरीवर आणि चौथीवर. असे सोळा बार म्हणजे एक कडवं. सुरुवातीच्या काळात, १९७९-८० मध्ये, यमक जवळजवळ नेहमी चौथ्या मात्रेवर, स्नेअरच्या डोक्यावर पडायचं. ऐकणाऱ्याला आधीच कळायचं की आता शब्द येणार. पार्टीत नाचणाऱ्यांसाठी ते बरोबरच होतं. हे सगळं सुरूच पार्टीत झालं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत बहिणीने ठेवलेल्या पार्टीत डीजे कूल हर्क रेकॉर्ड वाजवत होता. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की नाचणारे पेटतात हे त्याने हेरलं होतं. पुढे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती घेऊन तो तोच तुकडा लांबवत न्यायला लागला. त्या लांबवलेल्या तुकड्यावर माइकवर बोलणारा माणूस म्हणजे एमसी.

मग १९८७ला एरिक बी आणि राकिम यांचा 'पेड इन फुल' आला आणि हिशेब बदलला. राकिम लाँग आयलंडचा, लहानपणी सॅक्सोफोन वाजवायचा. ओरडायचा नाही, शांतपणे बोलायचा. आणि यमक ओळीच्या शेवटी ठेवून मोकळा व्हायचा नाही, ते ओळीच्या पोटात पेरत जायचा. वाक्यही चौथ्या मात्रेवर संपवायचा नाही, ते पुढच्या बारमध्ये वाहत जायचं.

मराठीत करून दाखवतो. जुनी पद्धत:

सकाळी निघालो, गाडीत शिरलो,
गर्दी पाहून मनात चिरडलो.

राकिमची पद्धत (प्रयत्न माझा, दोष माझे):

गाडी सुटली, धावत गाठली, दारात दाटली माणसांची भिंत,
पाठीशी वाटली ओळख कुठली, वळून पाहतो तर वसंत.

सुटली, गाठली, दाटली, वाटली, कुठली. यातला एकही शब्द यमकासाठी आणून बसवलेला नाही, प्रत्येक शब्द गोष्ट एक पाऊल पुढे नेतो. आता हे चार मात्रांवर टाळी वाजवत मोठ्याने म्हणा. 'वसंत'च्या आधी किंचित थांबाल. ते थांबणं कागदावर नाही.

चकोली:
टाळी वाजवत म्हटलं. ऑफिसमध्ये. वसंत नावाचे आमचे साहेब वळून बघायला लागले.

निशाचर:
टेपरेकॉर्डर, दंडवत! या दोन ओळी मी पाकिटात ठेवणार आहे.

अनुस्वार:
मोठ्याने म्हणून पाहिलं. मान्य, दुसऱ्या उदाहरणात काहीतरी आहे. अंतर्यमक आपल्याकडे जुनंच आहे, पण ते कथन पुढे ढकलण्याच्या कामी लावलेलं मी फार पाहिलेलं नाही. राकिमचं एखादं सुचवाल का, ज्यात शिव्या नाहीत आणि गोष्ट आहे?

टेपरेकॉर्डर:
सर, 'पेड इन फुल' हेच शीर्षकगीत घ्या. एकच कडवं आहे. माणूस विचारात पडलाय, हातात घामाशिवाय काही नाही. खिशात हात घालतो, पैसे संपलेत. आणखी खोल घालतो, तर बोटांना लागतो तो खिशाच्या कोपऱ्यातला कापसाचा मळ. आधी चोऱ्या करायचा हे तो कबूल करतो, पण आता सरळ मार्गाने कमवायचंय. बास. एवढीच गोष्ट.

मळ हा शब्द बघा. 'मी गरीब होतो' असं तो कुठेही म्हणत नाही.

ठाणेकर_आजोबा:
वय ७१. नातवाच्या नादाने मीही थोडं ऐकलंय, म्हणून धागा उघडला. आमच्या सौ.नी पहिल्यांदा ऐकल्यावर एकच प्रश्न विचारला होता: "हा माणूस श्वास कधी घेतो?" नातू हसला, पण उत्तर त्यालाही देता आलं नाही. इथल्या जाणकारांनी द्यावं.

डफवाला:
आजोबा, आजींनी मर्मावर बोट ठेवलंय, हा प्रश्न गाणाराच विचारतो! आमच्यात झीलकरी "जी जी रं जी" करतात ते नुसतं रंग भरायला नाही. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो आणि पुढची चौकट डोक्यात मांडतो. मंचावरच्या रॅपरच्या बाजूला दुसरा एक जण माइक घेऊन उभा असतो, ओळीचा शेवटचा शब्द तोही ओरडतो, हे व्हिडिओत पाहिलंय. तो झीलकरीच आहे की!

टेपरेकॉर्डर:
अगदी अगदी. हाइपमॅन म्हणतात त्याला. आणि श्वास लपवणं हे वेगळंच कसब. नोटोरियस बी.आय.जी. ऐका. देह अवाढव्य, श्वास जड, आणि तो जडपणा त्याने शैलीत मुरवला. ओळी कागदावर लिहायचा नाही, डोक्यातच रचून थेट माइकसमोर उभा राहायचा असं त्याच्याबरोबर काम केलेले लोक सांगतात. त्यामुळे त्याची वाक्यं मुळातच बोलता येतील अशी आहेत. 'गिमी द लूट' (१९९४) मध्ये दोन लुटारू बोलतात, एक पोरगेला चिरका आवाज, दुसरा भारदस्त. मी कित्येक महिने समजत होतो की दुसरा कुणी पाहुणा रॅपर आहे. दोन्ही तोच!

अनुस्वार:
हे म्हणजे भारूड झालं. एकनाथमहाराज विंचू चावलेल्या माणसाच्या तोंडून बोलतात, जोगव्यात भक्तिणीच्या तोंडून बोलतात. सोंग घेऊन सांगणं.

(मी विरोधी बाजूने सुरुवात केली होती याची मला आठवण आहे.)

मृण्मयी_त:
सगळं छान चाललंय, पण मला एक गोष्ट बोलायची आहे. या संगीतात बायकांबद्दल जे बोललं गेलंय ते मी कौशल्याच्या नावाखाली माफ करू शकत नाही. कॉलेजात असताना खूप ऐकायचे. मग मुलगी झाली, गाडीत एकदा एक गाणं लागलं, ती सात वर्षांची होती, तिने एका शब्दाचा अर्थ विचारला. त्यानंतर चार वर्षं बंद होतं. अजूनही ती गाणी घरात लावत नाही. वर टेपरेकॉर्डर यांनी दिलेलं 'गिमी द लूट' त्याच यादीत आहे, त्यात गरोदर बाईला लुटायची भाषा आहे, आणि ती ऐकणाऱ्याला हसवायला घातली आहे.

मी परत आले ती एमसी लाइट या रॅपर मुलीमुळे. 'आय क्रॅम टू अंडरस्टँड यू', १९८६. पोरगीच होती ती तेव्हा, विशीसुद्धा गाठलेली नव्हती. गोष्ट अशी की एका मुलीचा सॅम नावाचा मित्र आहे. तो तिला टाळतो, पैसे उसने घेतो, फोन उचलत नाही. लोक सांगतात त्याचं दुसरीवर मन आहे. ती प्रत्येक वेळी त्याच्यावर विश्वास ठेवते. तुम्हीही तिच्याबरोबर त्या दुसऱ्या मुलीला शोधायला लागता, आणि शेवटी कळतं की सवत ही बाई नव्हतीच. सवत म्हणजे क्रॅक, कोकेनचा एक प्रकार. १९८० नंतर न्यूयॉर्कच्या वस्त्या ज्याने पोखरल्या ते व्यसन.

निशाचर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर यात आहे. ती गोष्ट मी आता मोजक्या वाक्यांत सांगितली आणि तुम्हाला शेवट कळला. गाण्यात तिचं फसणं तुम्हाला तिच्याच वेळात भोगावं लागतं. सॅमची थाप ऐकायची, ती पचवायची, परत पुढची थाप. ठेका थांबत नाही, म्हणून तुम्हाला विचार करायला उसंत मिळत नाही. तिलाही मिळाली नव्हती.

टेपरेकॉर्डर:
मृण्मयीताई, त्या ओळी मी कौशल्य सांगताना गाळून पुढे गेलो, हे खरं आहे. तुमचं बरोबर.

निशाचर:
"ठेका थांबत नाही म्हणून विचार करायला उसंत मिळत नाही." मृण्मयीताई, मी नेमकं हेच शोधत होतो.

चकोली:
सविस्तर लिहायला आले होते, पण मृण्मयीताईंनी लिहिल्यावर फक्त एक भर. टुपाक या रॅपरचं 'ब्रेंडाज गॉट अ बेबी' (१९९१). बारा वर्षांच्या मुलीला मूल होतं, त्याची वर्तमानपत्रातली बातमी वाचून त्याने लिहिलं. अख्खं गाणं एकाच लांब कडव्यात आहे, मध्ये ध्रुवपद येऊन सुटका करत नाही. तेव्हा तो विशीचा होता. याच माणसाच्या इतर गाण्यांत बायकांबद्दल काय आहे ते मलाही माहीत आहे, त्यामुळे मृण्मयीताईंचा मुद्दा उभाच राहतो.

क्वीन्सकर:
उशीर झाला यायला. मी न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये राहतो, कामाला जाताना मेट्रोच्या वाटेवर '२१वा रस्ता–क्वीन्सब्रिज' हे स्टेशन लागतं. अकरा वर्षं त्या स्टेशनावरून गेलो, कधी उतरलो नव्हतो.

तिथल्याच नास या रॅपरचा 'इल्मॅटिक' मी फार उशिरा ऐकला. एप्रिल १९९४चा अल्बम, नास तेव्हा वीस वर्षांचा. त्यातलं 'वन लव्ह' म्हणजे तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेली पत्रं. पहिल्या पत्रात तो मित्राला खुशाली कळवतो: तुला मुलगा झाला, तुझ्यासारखाच दिसतो. तुझी बायको पत्र लिहीत नाही ना, मी तिच्याशी बोललो. वस्तीत कोण कुणाच्या बाजूला गेलं, कोण मेलं. आपल्या गावाकडच्या पत्रात कसं सगळं एका दमात असायचं, म्हैस व्याली, अण्णा गेले, पाऊस बरा आहे, अगदी तसं. मोठ्या दुःखाला वेगळा परिच्छेद नाही.

मग तिसरं कडवं पत्र राहत नाही. तो बाकावर एका बारा वर्षांच्या पोराशेजारी बसलाय. पोरगा माल विकतो, अंगात गोळी न लागणारं जाकीट. इतका वेळ तुरुंगातल्यांना धीर देणारा हा, आता समोर बसलेल्या पुढच्या कैद्याशी बोलतोय. हे तो कुठेही म्हणत नाही. कडव्यांचा क्रमच ते सांगतो.

ऐकल्यानंतरच्या रविवारी मी त्या स्टेशनावर उतरलो. क्वीन्सब्रिज ही उत्तर अमेरिकेतली सर्वात मोठी सरकारी घरांची वसाहत, ९६ इमारती, सगळ्या सारख्या तपकिरी विटांच्या, सहा मजली. शेजारून मोठा पूल जातो, त्याची घरघर सतत. बाकांवर म्हातारी माणसं बसली होती. एका आजींनी विचारलं, कुणाला शोधतोयस. मी म्हणालो, गाणं ऐकून आलोय. त्या म्हणाल्या, सगळे तेच ऐकून येतात. मग शेजारी जागा दिली.

डफवाला:
क्वीन्सकर, हे वाचून थांबलो जरा. "मोठ्या दुःखाला वेगळा परिच्छेद नाही." वा.

ठाणेकर_आजोबा:
आमच्या वडिलांची मुंबईहून गावी जाणारी पत्रं अशीच असायची. गिरणी बंद पडल्याची बातमी "बाकी सर्व ठीक" याच्या आदल्या ओळीत होती.

टेपरेकॉर्डर:
नासचा विषय निघालाच आहे तर दोन कसरती सांगतोच. 'आय गेव्ह यू पॉवर' (१९९६) सगळं बंदुकीच्या तोंडून आहे. तिला या मारामाऱ्यांचा कंटाळा आलाय. शेवटी मालक चाप ओढतो आणि ती मुद्दाम अडकते. मालक मरतो. तिला वाटतं सुटले, तेवढ्यात दुसरा कुणीतरी तिला उचलतो. आणि 'रिवाइंड' (२००१) उलटीकडून सांगितलंय, गोळी जखमेतून निघून नळीत परत जाते, माणसं उलटी चालतात. दुसऱ्याला मी कारागिरी म्हणेन, पहिल्याला गोष्ट. 'रिवाइंड' ऐकताना मी नासचं कौतुक करतो, 'पॉवर' ऐकताना नासला विसरतो.

पार्थ१७:
असहमत. रिवाइंड ऐकून मला रडू आलं होतं. मेलेला माणूस जिवंत होऊन परत घरी जातो ना त्यात.

टेपरेकॉर्डर:
पार्थ, या बाजूने मी कधी ऐकलंच नव्हतं. आज रात्री परत ऐकतो.

अनुस्वार:
एक वेगळंच निरीक्षण नोंदवतो, थोडं विषयांतर आहे. तुम्ही सुचवलेली आठ-दहा गाणी ऐकली. प्रत्येक जण कडव्यात कुठेतरी स्वतःचं नाव घेतो, कधी अक्षरं सुटी करून सांगतो. मला प्रथम तो पोकळ अहंकार वाटला. मग लक्षात आलं, 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' हे काय आहे? मौखिक परंपरेत छापखाना नसतो, मालकीचा शिक्का ओळीतच मारावा लागतो. ही नाममुद्राच आहे.

टेपरेकॉर्डर:
सर, आता तुम्हाला एक खरी गोष्ट सांगतो आणि ती तुमच्या मुद्द्याला चपखल बसते.

१९७९चं 'रॅपर्स डिलाइट', जगभर गाजलेलं पहिलं रॅप गाणं. त्यात बिग बँक हँक नावाचा गडी आहे. तो मुळात रॅपर नव्हता, न्यू जर्सीत पिझ्झाच्या दुकानात काम करायचा आणि ब्राँक्सच्या ग्रँडमास्टर कॅझ या एमसीचं काम बघायचा. रेकॉर्ड करायची संधी आली तेव्हा कॅझची वही घेऊन गेला आणि त्यातले बोल म्हटले. त्या बोलांत कॅझची नाममुद्रा होती, 'कॅसानोव्हा' हे नाव एकेक अक्षर सुटं करून. हँकने ती काढलीसुद्धा नाही! आजही ते गाणं लावलं की हँकच्या आवाजात कॅझचं नाव ऐकू येतं. कॅझला ना श्रेय मिळालं ना पैसे.

अनुस्वार:
दुसऱ्याचा अभंग म्हणायचा आणि 'तुका म्हणे' तसंच ठेवायचं. चोरीचा पुरावा चोराच्याच तोंडी. विलक्षण आहे हे.

डफवाला:
कलगी-तुऱ्यात असं झालं असतं तर भर फडात वही काढून घेतली असती.

चकोली:
धागा शाहिरीकडे चाललाय, आणि मला ते आवडतंय. :)

क्वीन्सकर:
शाहिरी आणि नास हे दोन्ही जिथे भेटतात ते मुंबईच. २०१९च्या 'गली बॉय' या मुंबईच्या रॅपरांवरच्या चित्रपटाचा नास एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर होता, आणि त्याच वर्षी त्याच्या मास अपील या रेकॉर्ड कंपनीने भारतात लेबल काढून डिव्हाइन या मुंबईच्या रॅपरला घेतलं. अंधेरीच्या वस्तीतला मुलगा आणि क्वीन्सब्रिज यांत एवढंच अंतर निघालं.

डफवाला:
स्वदेसी या मुंबईच्या गटाचं 'द वारली रिव्हॉल्ट'ही ऐका. आरे वाचवण्यासाठी लढणारे प्रकाश भोईर त्यात गातात. जंगल ज्याचं त्याच्या आवाजात ऐकलं की कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मृण्मयी_त:
मूळ प्रश्न हरवायच्या आत परत आणते. निशाचर, तुम्ही विचारलं होतं उरलेली निम्मी गोष्ट कुठे असते. मला वाटतं ती सांगणारा कुठे उभा आहे यात असते. 'द मेसेज' घ्या, १९८२चं. त्यात शेवटच्या कडव्यात मेली मेल हा रॅपर एका मुलाची जन्मापासून तुरुंगाच्या कोठडीत फासाला लटकलेल्या देहापर्यंतची गोष्ट सांगतो. ते कडवं त्याने तीन वर्षं आधी 'सुपररॅपिन'' या पार्टीच्या रेकॉर्डवर म्हटलेलं होतं. शब्द जवळजवळ तेच. तेव्हा ते उड्या मारायला लावणाऱ्या ठेक्यात वाहून गेलं. १९८२मध्ये ठेका संथ केला, आधीच्या कडव्यांत फुटक्या काचा, उंदीर, झुरळं, वसुलीवाले असं सगळं मांडलं, सांगणाऱ्याला त्या रस्त्यावर उभं केलं, आणि मग तेच कडवं ऐकून लोक सुन्न झाले. २००२ सालासाठी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपायच्या ध्वनिमुद्रणांची पहिली ५० नावं काढली, त्यात हे होतं.

एकच कडवं, दोन ठेके. कागदावर दोन्ही सारखी दिसतील.

निशाचर:
ताई, दोन्ही पाठोपाठ लावून ऐकली आत्ता. पहाटेचे ४:१० झालेत. यापेक्षा स्वच्छ उत्तर मिळणार नाही. स्लिक रिकच्या बाबतीतही तेच: गोळीबार सांगणारा माणूस पलंगाच्या कडेला बसलेला आहे, आणि ऐकणारी पोरं त्या मुलाच्याच वस्तीतली आहेत. मी बायकोला सांगताना पलंगच गाळला होता.

अनुस्वार:
"कविता कागदावर टिकली पाहिजे" हे वाक्य मी मागे घेतो. कागदावरची कविता कागदावर टिकली पाहिजे, असं म्हणतो. वर्गात पुढच्या आठवड्यात टेपरेकॉर्डर यांचा 'वसंत' म्हणायला लावणार आहे, टाळीसकट. परवानगी असावी.

टेपरेकॉर्डर:
सर, परवानगी कसली! फक्त नाममुद्रा घाला. :)

पार्थ१७:
मी बीड जिल्ह्यातला आहे, बारावीत. इथे सगळे मोठे आहात म्हणून लाजत होतो. बंदुकीच्या तोंडून गाणं आहे हे वाचून मी काल रात्री आमच्या गल्लीतल्या एका बंद घराच्या कुलपाच्या तोंडून लिहिलं. ऊसतोडीला गेलेत ते लोक. चुका सांगा.

दिवाळी सरली, गाडी भरली, चूल विझवली, दार ओढलं,
माय म्हणली "नीट बस" अन् मला कडीत सोडलं.
मग सहा महिने ऊन-वारा, गंज खातोय दारावर,
पोरगं गेलं पाचवीतलं कोयता घेऊन फडावर.
दप्तर आतच राहिलं, त्याच्यावर कोळी जाळं विणतो,
हजेरीला नाव घेतलं की मी इथून "हजर" म्हणतो.

क्वीन्सकर:
पार्थ...

मृण्मयी_त:
शेवटची ओळ परत परत वाचतेय. हे कागदावरही पूर्ण आहे रे.

अनुस्वार:
"नीट बस" ती पोराला म्हणाली की कुलपाला? दोन्ही लागतं. ते तसंच ठेव, कुणी स्पष्ट करायला सांगितलं तरी करू नकोस.

डफवाला:
पार्थ बाळा, मी तीनदा डफावर म्हणून पाहिलं. एकच सांगतो. तिसऱ्या ओळीतला "मग" काढ. तो भरीचा आहे, ओळ लांब व्हावी म्हणून आलाय. तिथे काही बोलू नकोस. "कडीत सोडलं" म्हणून झालं की एक मात्रा रिकामी जाऊ दे, श्वास घे, आणि मग "सहा महिने" उचल. त्या रिकाम्या जागेत कुलूप लागल्याचा आवाज ऐकणाऱ्याला आपोआप येईल.

पार्थ१७:
काढला काका. म्हणून पाहिलं, खरंच येतो आवाज. तरी आमच्या कोठीच्या दाराचं जुनं कुलूप आहे, ते मोबाइलवर रेकॉर्ड करून तिथे टाकू का?

डफवाला:
टाक. पण आधी कडीचा आवाज घे, लोखंडावर लोखंड घासल्याचा. कुलूप त्यानंतर. आणि दाराच्या आतून रेकॉर्ड कर, बाहेरून नको. दप्तर आत आहे.